बाहेरच्या कॅमेऱ्याची पेटी: ड्रिल हाती घेण्यापूर्वीची तयारी

उघड्यावर बसवायच्या कॅमेऱ्यासाठी पेटी घेताना तिच्यावर आयपी६६ हा दर्जा छापलेला आहे का, हे आधी पाहावे. यातील पहिला आकडा धुळीपासून पूर्ण संरक्षण सांगतो आणि दुसरा पाण्याच्या जोरदार फवाऱ्यापासून. मात्र आपण पहिले भोक पाडले की हा छापील दर्जा संपतो आणि पुढची जबाबदारी आपली असते, म्हणून भोके जितकी कमी तितके बरे. कॅमेरा वायफायवर चालणार असेल तर धातूची पेटी टाळावी, कारण ती सिग्नल अडवते. रंग पांढरा किंवा फिका असावा आणि वर ऊन अडवणारा छोटा छज्जा असावा.

सर्वाधिक विचार समोरच्या पारदर्शक काचेचा करावा लागतो. रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागले की त्यांचा प्रकाश काचेवरून परतून थेट लेन्समध्ये शिरतो आणि चित्रावर दुधाळ पडदा येतो. दिवसा सगळे स्वच्छ दिसत असल्यामुळे हा दोष काम संपल्यावरच ध्यानात येतो. यासाठी लेन्सभोवती काचेला घट्ट टेकणारे काळ्या फोमचे कडे तयार ठेवावे, म्हणजे दिवे कड्याबाहेर राहतील. तसे बसवणे शक्य नसेल तर कॅमेऱ्यातील दिवे बंद करून पेटीबाहेर वेगळा इन्फ्रारेड दिवा लावणे अधिक सोयीचे.

केबल नेहमी तळातून आत घ्यावी. केबल ग्लँड, म्हणजे भोकात बसवून केबलभोवती रबर आवळणारी बूच, केबलच्या जाडीप्रमाणे निवडावा. चपट्या केबलवर त्याचे रबर नीट आवळले जात नाही, म्हणून केबल गोलच हवी. नेटवर्क केबलचा प्लग लहान ग्लँडमधून जात नाही, तेव्हा केबल आधी ओवून प्लग नंतर बसवावा लागतो आणि त्यासाठी क्रिम्पिंगची, म्हणजे प्लग केबलवर दाबून पक्का करणारी पक्कड लागते. ग्लँडखाली केबलला झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाईल.

पाऊस पूर्ण अडवला तरी पेटीत अडकलेल्या हवेतील बाष्प रात्री गारठ्याने काचेवर जमते. सिलिका जेलची पुडी ओल शोषून तृप्त होईपर्यंतच उपयोगी पडते. तळाशी हवा जाऊ देणारा पण पाणी अडवणारा व्हेंट बसवणे हा माझ्या मते खरा उपाय आहे.

जोडांच्या फटी बुजवण्यासाठी सिलिकॉन सीलंट न्यूट्रल प्रकारचाच आणावा. व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सीलंटमधून सुकताना ॲसेटिक ॲसिड सुटते आणि त्याने तांब्याचे जोड गंजू शकतात. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत.

सीलंट पूर्ण सुकल्यावर, कॅमेरा न बसवता, ग्लँडमध्ये केबलचा तुकडा आवळून आणि आत कोरडा टिश्यू पेपर अंथरून झाकण लावावे, पेटीवर सर्व बाजूंनी नळीने पाणी मारावे आणि कागदाचा एखादा कोपराही ओला झाला तर त्या बाजूचा जोड उकलून पुन्हा भरावा.