रेग्युलर एक्सप्रेशनने मजकूर बदलताना खास चिन्हे कशी सांभाळावीत

म्हापशाच्या बाजारातील एका कापड दुकानाचे दरपत्रक सुधारताना मी 'रु.' शोधून त्या जागी '₹' घालायला गेलो, आणि रेग्युलर एक्सप्रेशनमध्ये, म्हणजे मजकूर शोधण्यासाठी चिन्हांनी लिहिलेल्या नमुन्यात, टिंबाचा अर्थ 'कोणतेही एक चिन्ह' असा होत असल्याने 'रुमाल'चे '₹ाल' झाले. म्हणून शोधाच्या बाजूला टिंबाआधी उलटी तिरकी रेघ देऊन 'रु\.' असे लिहावे, * + ? ( ) [ { ^ $ | आणि खुद्द \ यांनाही हाच नियम लागू आहे.

बदलीच्या बाजूला मात्र टिंब निरुपद्रवी असते. तिथे पर्यटकांसाठी डॉलरमधील दर घालायचा असेल, तर जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेत $ पुढचा आकडा शोधात कंसांनी पकडलेल्या गटाचा क्रमांक समजला जाऊ शकतो, त्यामुळे $$ लिहावे. जावामध्ये \$ लागते, तर पायथनमध्ये $ तसेच चालते, पण \ दुप्पट करावी लागते.