एकच हँडगन घ्यायची असेल तर या चुका टाळा

माझ्या मावसभावाने परवान्यासाठी दीड वर्ष हेलपाटे घातले. परवाना हातात पडला आणि दुसऱ्याच दिवशी तो दुकानात जाऊन काचेमागे जे सगळ्यात देखणं दिसलं ते घेऊन आला. छोटं, हलकं, खिशात मावणारं. पहिल्याच सरावाला दहा पावलांवरच्या कागदावर सहापैकी दोन गोळ्या लागल्या. त्यानंतर ती वस्तू कपाटात गेली ती गेलीच. तो एकटाच असा नाही. परवाना मिळवण्यात माणूस इतका दमतो की निवड करायला त्याच्याकडे धीर उरत नाही, आणि चूक तिथेच होते.

शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. तरी बहुतेकांचं एकच असतं, कारण किंमत सहज लाखाच्या पुढे जाते. शस्त्राचा नंबर एकदा परवान्यावर चढला की विकायचं म्हटलं, बदलायचं म्हटलं, तरी पुन्हा परवाना अधिकाऱ्याच्या दारात उभं राहावं लागतं. पोलीस आयुक्तालयाची हद्द असेल तर आयुक्त, नाहीतर जिल्हाधिकारी. म्हणून पहिली निवडच विचार करून करायची.

एका शस्त्राकडून सगळी कामं मागणं

शेतावर राहणारे बरेच जण मला सांगतात, "रानडुकरांचा त्रास आहे, बिबट्या फिरतो, म्हणून रिव्हॉल्व्हर घेतोय." कृपा करून असं करू नका. .३२ बोअरची (म्हणजे साधारण .३२ इंच नळीची) गोळी हे काम करत नाही, जनावर जखमी होऊन जास्त धोकादायक होतं, आणि परवानगीशिवाय वन्यप्राण्यावर गोळी झाडणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पीक राखण्यासाठी शस्त्र हवं असेल तर तो बारा बोअरच्या बंदुकीचा विषय, आणि त्याची परवान्याची वाटही वेगळी. हँडगनचं काम एकच, जिवावर बेतलं तर अगदी जवळच्या अंतरावर स्वतःचा बचाव. एकाच शस्त्राला 'ऑलराउंडर' म्हणायचं, तर त्याचा अर्थ एवढाच घ्यायचा की घरात ठेवता येईल, नियमात बसेल तेव्हा बाळगता येईल आणि रेंजवर सराव करता येईल.

आणि घरात कुणी नैराश्यात असेल, दारू असेल, रागाच्या भरात हात उगारणारं कुणी असेल, तर परवाना असूनही शस्त्र घरी आणू नका. हे मी मनापासून सांगतो आहे.

परदेशातले व्हिडिओ बघून यादी करणं

अमेरिकेतले लोक नाइन एमएम पिस्तुलांची तुलना करतात, ती ऐकायला छान वाटते. आपल्याकडे ९ एमएम आणि .३८ हे प्रतिबंधित बोअर आहेत, सामान्य परवान्यावर मिळत नाहीत. परदेशी शस्त्रांची आयातही सामान्य माणसासाठी कित्येक वर्षांपासून बंद आहे. त्यामुळे आपल्या दुकानातलं कपाट लहान आहे. कानपूरचं .३२ चं जुनं, मधून मोडून उघडणारं रिव्हॉल्व्हर. २०१४ साली आलेलं 'निर्भीक', साधारण अर्धा किलोचं. २०२३ चं 'प्रबळ', सुमारे ७०० ग्रॅमचं, ज्याचा सिलिंडर (गोळ्या बसतात तो फिरणारा भाग) बाजूला उघडतो. वेब्ली अँड स्कॉटचं उत्तर प्रदेशात संडीला इथे तयार होणारं .३२ रिव्हॉल्व्हर. 'अशनी' हे .३२ चं पिस्तूल. आणि .२२ चं 'निडर', जेमतेम अडीचशे ग्रॅमचं. याशिवाय जुना, दुसऱ्या हातचा मालही असतो.

.३२ म्हणजे .३२ असं समजणं

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. रिव्हॉल्व्हरचं आणि पिस्तुलाचं अशी दोन्ही काडतुसं एकदा तळहातावर शेजारी शेजारी ठेवून बघा. रिव्हॉल्व्हरचं, म्हणजे एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) लाँग, उंच असतं. त्याचं पितळी कवच साधारण २३ मिलिमीटरचं आणि बुडाला ठळक कड. पिस्तुलाचं एसीपी (ऑटोमॅटिक कोल्ट पिस्टल) आखूड, १७ मिलिमीटरचं, कड अगदी नावापुरती. बोलताना दोन्हींना बत्तीसच म्हणतात, पण एकाचं दुसऱ्यात चालत नाही. 'बसतंय ना' म्हणून घुसवून बघायचा मोह तर अजिबात नको. परवान्यावर रिव्हॉल्व्हर लिहिलंय की पिस्तूल, आणि काडतुसाच्या डबीवर नेमकं काय छापलंय, हे दर वेळी वाचा. काडतुसाच्या बुडावर 'केएफ' हा शिक्का दिसला तर तो आपल्या पुण्याच्या खडकी कारखान्याचा. शस्त्र पसंत करायच्या आधी दुकानदाराला विचारा की गेल्या वर्षभरात यातली कुठली काडतुसं नियमित आली. जी मिळत नाहीत त्यांचं शस्त्र कितीही चांगलं असलं तरी सराव होणार नाही.

हलकं ते चांगलं मानणं

दुकानात हातात धरल्यावर हलकं शस्त्र सुखावह वाटतं. पण गोळी सुटल्यावरचा झटका वजनच खातं. आखूड नळीमुळे पुढची आणि मागची माशी (नेम धरायची खूण) जवळ येते, नेम चुकवायला केसाएवढा फरकही पुरतो. मावसभावाचं हेच झालं होतं.

एक चाचणी दुकानदाराच्या परवानगीने करा. शस्त्र रिकामं आहे हे त्याने आणि तुम्ही, दोघांनी डोळ्यांनी आणि बोटाने तपासायचं. मग सुरक्षित दिशेला धरून, घोडा (काडतुसावर आपटणारा मागचा खटका) आधी न चढवता, नुसता चाप ओढून दहा वेळा सोडायचा. नजर पुढच्या माशीवर ठेवायची. पहिल्या तीन वेळा ती स्थिर राहते, सातव्या-आठव्या वेळेला खाली किंवा बाजूला झुकायला लागली तर चाप तुमच्या बोटाला जड आहे. बोटाचं पहिलं पेर चापावर नीट बसतं का, की टोकच पोहोचतं? पिस्तूल असेल तर स्लाइड (नळीवरचा सरकणारा भाग) मागे ओढायला मनगटात ताकद आहे का? साठीच्या पुढच्या माणसाने हे खास बघावं. परवाना तुमच्या नावावर आहे, तेव्हा हातही तुमचाच मोजायचा, मित्राचा नाही.

माझं मत विचाराल तर वर्षातून चार-पाच वेळाच सराव होणार असेल अशा माणसाने रिव्हॉल्व्हर घ्यावं, आणि त्यातही जरा वजनाचं. पिस्तुलात एक सापळा आहे. मॅगझिन (गोळ्यांची काढता येणारी पेटी) काढलं की माणसाला वाटतं रिकामं झालं, पण एक गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, बसलेली असू शकते. रिव्हॉल्व्हर उघडलं की सहाही घरं समोर दिसतात.

जुनं विलायती म्हणून भुलणं

आजोबांच्या काळातल्या विलायती रिव्हॉल्व्हरला दुसऱ्या हाताच्या बाजारात मोठी किंमत येते. नळीतून उजेडाकडे बघा, आत खड्डे दिसले तर सोडून द्या. रिकाम्या शस्त्राचा घोडा पूर्ण चढवून सिलिंडर हलवून बघा, खडखड वाजत असेल तर घर आणि नळी एका रेषेत येत नाहीत. तुटलेली स्प्रिंग कुठून आणणार, हा प्रश्न पैसे देण्याआधी विचारायचा. शस्त्रावरचा नंबर आणि कागदावरचा नंबर अक्षर न् अक्षर जुळलाच पाहिजे.

जुन्या धाटणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याखालचं घर रिकामं ठेवावं, म्हणजे घोड्याला धक्का बसला तरी गोळी सुटत नाही. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांना स्वतःच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी पायाला लागली, घरातून निघायच्या गडबडीत. भरलेलं शस्त्र घाईत उचलणं-ठेवणं ही सवयच नको.

घेतल्यानंतरच्या अडचणी

चाप ओढला आणि 'टक्' एवढाच आवाज आला तर लगेच उघडून बघू नका. नळी सुरक्षित दिशेला ठेवून तीसपर्यंत मोजा, कारण काडतूस उशिरानेही पेटतं. आवाज फुसका आला, झटका जाणवलाच नाही, तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि मागून दुसरी झाडली तर नळी फाटते. शस्त्र रिकामं करून कारागिराकडे न्या.

कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात वेगळाच त्रास होतो. मी स्वतः एकदा जून ते सप्टेंबर काडतुसं चामड्याच्या पट्ट्यात तशीच ठेवली होती. काढली तेव्हा पितळेवर हिरवी, चिकट पूड साचली होती, नखाने खरवडली तर खाली डाग. चामड्यातलं आम्ल आणि ओल पितळ खातं. चामडं फक्त बाळगण्यापुरतं. घरी शस्त्र तेलाचा हात फिरवून लोखंडी तिजोरीत, काडतुसं वेगळ्या कुलपात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी आपण अर्ज करतानाच दिलेली असते.

विमानप्रवासाआधी बॅगेचे सगळे कप्पे उलटे करून झटका. विसरलेलं एक काडतूसही विमानतळावर गुन्हा नोंदवायला पुरतं. लग्नात हवेत बार काढायचा आग्रह झाला तर सरळ नाही म्हणा, त्याला आता दोन वर्षांपर्यंत कैद आहे. आणि निवडणुकीत शस्त्र जमा करायची नोटीस आली तर देण्याआधी नळी साफ करून, तेल लावून द्या, पावतीवर नंबर नीट उतरलाय का ते तिथेच वाचा, आणि परत मिळाल्यावर भरण्याआधी नळीतून एकदा उजेडाकडे बघा. एका वर्षी माझ्या ओळखीतल्या एकाच्या नळीत कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं.