ड्रायर घेताय? आधी मागची बाजू बघा

सोलापुरात ड्रायर कशाला, असं मला अजून लोक विचारतात. खरंय, मे महिन्यात गच्चीवर टाकलेली चादर चहा होईपर्यंत वाळते. पण दवाखान्याच्या चादरी धुळीत वाळत घालता येत नाहीत, आणि गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत लॉजवाले सकाळी गठ्ठे टाकून संध्याकाळी न्यायला येतात. म्हणून अक्कलकोट रोडला आमच्या लॉन्ड्रीत गॅसवरचे दोन ड्रायर आहेत. नवीन धंदा टाकणारे बघायला येतात ते ड्रममध्ये डोकं घालून बघतात. मी त्यांना मागं नेते, गरम हवा बाहेर नेणाऱ्या पाइपापाशी.

आपल्या गावचा टेरी टॉवेल नवा असताना पहिल्या काही धुण्यांत भरपूर रुई सोडतो. बरीचशी मशीनमधल्या जाळीत अडकते, उरलेली गरम हवेबरोबर पाइपात जाते. देवापुढच्या वातीला लागते तीच ही रुई, शिवाय खडखडीत वाळलेली. आमच्या पहिल्या मशीनला फिटरनं चांदीच्या कागदासारखा चुण्यांचा पाइप लावला होता आणि तो छताच्या पीओपीवरून फिरवून नेला होता. चाळीस मिनिटांत वाळणाऱ्या टॉवेलांना सत्तर मिनिटं लागायला लागली, तेव्हा मी पावसाळी हवेला दोष देत बसले. शेवटी पाइप सोडवला तर आत गादी भरावी तशी रुई, आणि मशीनकडची बाजू तपकिरी झालेली. वास अजून आठवतो.

तर पाइप गोल, जीआय म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याचा, आतून गुळगुळीत असावा. मशीनच्या तोंडाचा व्यास असेल त्यापेक्षा तो कुठंही बारीक करायचा नाही. जोडताना मशीनकडच्या तुकड्याचं टोक पुढच्या तुकड्याच्या आत जाऊ द्या. उलटं केलंत तर प्रत्येक जोडाच्या कडेला रुई अडते. पत्रेवाला हमखास म्हणेल, "ताई, स्क्रूशिवाय मजबुती कशी येणार?" स्क्रूची टोकं आत आली की त्यांवर रुई गुंडाळत जाते. जोडावर ॲल्युमिनियमची टेप लावा, आणि वजन भिंतीवरच्या क्लॅम्पवर घ्या.

वळणं कमीत कमी ठेवा. काटकोनातलं एक वळण म्हणजे साधारण ५ फूट सरळ पाइप वाढल्यासारखं धरतात. पाइप जिथून वर चढतो तिथं तळाला टोपण असलेला टी आकाराचा जोड बसवा, कारण पडणारी रुई तिथंच साचते आणि हात घालायला जागा लागते.

बाहेरच्या तोंडाला जाळी लावू नका. कबुतरांच्या धास्तीनं सगळे लावतात, आणि महिन्याभरात तिचं पांढरं ब्लँकेट होतं. हवेनं उघडणारी आणि मशीन थांबलं की आपोआप पडणारी झडप पुरते. गच्चीवर तोंड खाली वळवलेलं असावं, शेजाऱ्याच्या खिडकीपासून लांब. स्वयंपाकघराच्या धुराड्याला किंवा पीओपीच्या पोकळीत हा पाइप कधीही जोडू नका.

आता आत येणारी हवा, जिचा विचार कोणी करत नाही. ड्रायर जितकी हवा बाहेर फेकतो तितकी खोलीत आली पाहिजे. आमच्या पोरांनी एकदा उन्हाच्या झळा लागतात म्हणून शटर ओढलं, खिडक्या लावल्या आणि वर एक्झॉस्ट फॅन चालू केला. बर्नरची निळी ज्योत पिवळी झाली. हवा कमी पडली की गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो. डोकं जड होणं, मळमळणं हीच खूण. तसं झालं की गॅस बंद करून सगळ्यांनी बाहेर यायचं. तेव्हापासून भिंतीत बंदच करता येणार नाही असा झरोका आहे. त्याचं माप मशीनच्या पुस्तिकेतून घ्या, गवंड्याच्या अंदाजानं नको. गॅसची जोडणी तर जाणकार फिटरकडूनच.

पाइप तुंबतोय का हे ओळखायला मी गवंड्याचा लेव्हल पाइप वापरते. मशीनमागं पाइपाला बारीक भोक पाडायचं, लेव्हल पाइपात रंगीत पाणी भरून तो यू आकारात उभा धरायचा, एक टोक भोकाला, दुसरं मोकळं. जाळी साफ करून मशीन चालवा आणि दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक मोजा. माझ्या मशीनची मर्यादा ०.३ इंच, म्हणजे साडेसात मिलिमीटर. आकडा तारखेसकट भिंतीवर लिहायचा आणि भोक टेपनं बंद करायचं. आकडा चढायला लागला की गॅसचा कॉक आणि मेन स्विच बंद करून ब्रश घालायचा. टॉवेलांचं काम असेल तर तसाही दर महिन्याला घाला. जाळी मात्र दर दोन-तीन घाण्यांनी.

मालिशवाल्यांचे टॉवेल आणि हॉटेलातली फडकी वेगळी ठेवा. आपल्याकडचं करडईचं तेल हवेत वाळतं आणि वाळताना स्वतः तापतं. धुऊनही थोडं राहतंच. गरम घडी करून ढीग लावला तर आतली उष्णता बाहेर पडत नाही, आणि काही तासांनी, दुकान बंद असताना, तो पेटू शकतो. शेवटची दहा मिनिटं गार हवेवर फिरवूनच कपडे काढा. आणि लाइट गेली तर ड्रम तसाच सोडून जाऊ नका. आमच्याकडं इन्व्हर्टरकडं पळायच्या आधी दोघंजण ड्रम उघडतात, कपडे बाहेर काढतात आणि टेबलावर, खुर्चीवर, मिळेल तिथं पसरतात.