वडील ‘आर्मी’त, असं लिहिलं आणि फसले

आमच्या कोरेगाव तालुक्यात वर्दीतला कुणीही असो, तो ‘मिल्ट्रीत’च असतो. माझे वडील एकवीस वर्षं बीएसएफमध्ये, म्हणजे सीमा सुरक्षा दलात होते, गावासाठी मात्र मिल्ट्रीवालेच. त्यामुळे सीडीएसची, म्हणजे सैन्यात अधिकारी होण्याच्या परीक्षेची लेखी निघाल्यावर पुढच्या निवड मंडळाच्या, एसएसबीच्या माहितीफॉर्मात वडिलांपुढे मी बिनधास्त ‘रिटायर्ड, आर्मी’ लिहिलं. मुलाखतीत साहेबांनी सहज विचारलं, “रेजिमेंट कोणती?” मी बटालियनचा नंबर सांगितला. त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मग घाम पुसत मी बीएसएफ म्हणाले. ते नुसतं “अच्छा” म्हणाले. पाचव्या दिवशी निवड झालेल्यांत माझा चेस्ट नंबर पुकारला नाही. एका शब्दाने घात केला असं नाही, पण त्यानंतर मी सावरलेच नाही.

आर्मी म्हणजे फक्त भूदल, हे तुम्हाला माहीत आहेच. मलाही होतं! गोची ‘आर्म्ड फोर्सेस’पाशी आहे. बोलताना त्याचा अर्थ भूदल, नौदल, हवाई दल. पण बीएसएफचा १९६८चा कायदा त्या दलालाही ‘आर्म्ड फोर्स ऑफ द युनियन’च म्हणतो. म्हणजे कायद्याने वडील आर्म्ड फोर्सवाले, पण तुम्ही तसं म्हणालात की समोरचा तिन्ही दलांतलंच एखादं धरणार. त्याहून गंमत ‘मिलिटरी’ची. आज तो शब्द तिन्ही दलांना मिळून वापरतात, पण राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत ‘नेव्हल, मिलिटरी अँड एअर फोर्सेस’ असं आहे. तिथे मिलिटरी म्हणजे निव्वळ भूदल. तेव्हा आमच्याकडच्या अपशिंगे या सैनिकांच्या गावाला ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणणारी जुनी माणसं अडाणी नव्हती.

क्लासमध्ये आर्मी, मिलिटरी, फोर्स, ट्रूप्स यांच्यामध्ये बरोबरची (=) चिन्हं टाकलेला कागद वाटतात. तो फाडून टाका, खरंच. शब्दांच्या याद्या पाठ करून घेणाऱ्या सरांवर माझा विश्वास उरलेला नाही. मला हे शिकवलं आमच्या आळीतल्या एका निवृत्त सुभेदारांनी, तेही चहाच्या टपरीवर. त्यांचा प्रश्न एकच असायचा: “मंत्रालय कुठलं?” तिन्ही दलं संरक्षण मंत्रालयाकडे. बीएसएफ, सीआरपीएफ, आयटीबीपी, सीआयएसएफ गृह मंत्रालयाकडे. त्यांना पूर्वी सर्रास पॅरामिलिटरी म्हणत, २०११पासून सरकारी शब्द सीएपीएफ, म्हणजे केंद्रीय सशस्त्र पोलीस दल. कोस्ट गार्ड संरक्षणाकडे असूनही तीन दलांत नाही. आसाम रायफल्सचं प्रशासन गृहकडे आणि कारवाईचे हुकूम आर्मीचे, तिथे सुभेदारही हसायचे.

फॉर्ममध्ये ‘एक्स-सर्व्हिसमन’चा, म्हणजे माजी सैनिकाचा रकाना दिसला की हात आवरा. बीएसएफमधून निवृत्त झालेला त्यात बसत नाही. मैत्रिणीने टिक केली होती, कागदपत्रं तपासताना रडली.

बाकी गोंधळ किरकोळ आहेत, घाबरू नका. एसएसबी म्हणजे निवड मंडळही आणि सशस्त्र सीमा बलही. सीडीएस ही परीक्षाही आणि संरक्षण दलप्रमुखाचं पदही. नेव्हीचा कॅप्टन आर्मीच्या कर्नलच्या बरोबरीचा, हे एकदा कळलं की पुन्हा चुकत नाही. Corps या लष्करी शब्दाचा उच्चार ‘कोअर’ करायचा, ‘कॉर्प्स’ नाही. हेही मी तिथेच चुकले होते.

दुसऱ्या खेपेला ‘रिटायर्ड, बीएसएफ’ लिहिलं. साहेबांनी विचारलं, “कुठली सीमा?” मी राजस्थान म्हणाले. मग दहा मिनिटं बाडमेरच्या उन्हावर आणि वडिलांच्या उंटावरच्या गस्तीवरच बोलणं चाललं.