जुन्या फोर बाय फोर गाडीला कच्च्या वाटेसाठी आणि ट्रेलरसाठी तयार करताना

जुनी फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देता येणारी) गाडी दारात आली की बहुतेकांचा पहिला प्रश्न "उंची किती वाढवता येईल?" हा असतो, आणि पहिला खर्चही त्यावरच होतो. माझ्या मते हे काम बऱ्याच पुढे ढकलावे, कारण उंची वाढवल्याने कच्च्या वाटेवर जे मिळते त्यातले बरेचसे ट्रेलर जोडल्यावर परत द्यावे लागते. दगडधोंड्यांतून जाणारी गाडी उंच, मऊ सस्पेन्शनची आणि मोठ्या चाकांची हवी. ओझे ओढणारी गाडी मात्र बुटकी, मागून कडक आणि मूळ मापाच्या चाकांवर असलेली बरी. एकाच गाडीकडून दोन्ही कामे करून घ्यायची असतील तर दोन्हीकडे हात थोडा आखडता घ्यावा लागतो, आणि हा आखडता हात नेमका कुठे घ्यायचा, हे पाना हाती धरण्याआधी ठरलेले असावे.

पुढची उदाहरणे टाटा सफारीच्या 2.2 डायकॉर फोर बाय फोरची आहेत, कारण माझ्याकडे तीच आहे. 140 पीएस आणि 320 न्यूटन मीटर टॉर्क देणारी, पुढे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणारी दांडी) आणि मागे कॉइल स्प्रिंग असलेली ही गाडी आहे. जुनी स्कॉर्पिओ, पजेरो किंवा एन्डेव्हर यांनाही यातले बहुतेक लागू पडते. जिप्सीची गोष्ट वेगळी आहे: ती हलकी असल्याने चढावर सफारीला मागे टाकते, पण ओझे ओढण्यासाठी तिचा विचार करू नये.

पहिले काम कागद-पेन्सिलीचे आहे. गाडीचे कमाल परवानगी असलेले एकूण वजन आणि रिकाम्या गाडीचे वजन यांतील फरक हीच आपली खरी शिल्लक असते. समजा ती 600 किलो आहे. पाच माणसे धरली तर 350 किलो, सामान 60, छपरावरचा कॅरियर आणि तंबू 80, पुढचा विंच (दोर गुंडाळून रुतलेली गाडी ओढणारे यंत्र) त्याच्या पोलादी बैठकीसह 80, आणि ट्रेलरच्या दांडीचा हिचवर, म्हणजे गाडीमागच्या जोडणीवर, येणारा भार 60, म्हणजे बेरीज 630 झाली आणि आपण घरातून निघण्यापूर्वीच मर्यादेबाहेर गेलो. त्यातही दांडीचा भार फसवा असतो. सफारीचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या अॅक्सलमधले अंतर) 2,650 मिलिमीटर आहे; हिचचा बॉल (ज्यावर ट्रेलर अडकतो तो गोळा) मागच्या अॅक्सलच्या 1.2 मीटर मागे असेल, तर बॉलवरचे 60 किलो मागच्या चाकांवर सुमारे 87 किलो होऊन बसतात आणि पुढच्या चाकांवरून 27 किलो उचलले जातात. स्टिअरिंग हलके लागणे आणि हेडलाइटचा झोत झाडांच्या शेंड्यांकडे जाणे, ही दोन्ही लक्षणे याच हिशेबातून येतात.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणी पुस्तकातील तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पुढे लावायच्या बुल बारविरुद्ध (बंपरवरच्या धातूच्या कठड्याविरुद्ध) केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कारवाईचे निर्देश दिले, त्यामुळे विंच बसवायचा तर मूळ बंपरच्या आत दडवून बसवावा. ट्रेलर हे कायद्याने स्वतंत्र मोटार वाहन असल्याने त्याची वेगळी नोंदणी लागते. गाडी 15 वर्षांची झाली की नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते, तेव्हा मूळ टायर आणि मूळ स्प्रिंगा भंगारात न देता माळ्यावर ठेवाव्यात. आमच्या इंदूरच्या नायता मुंडल्याच्या आरटीओत तपासणीला जाताना त्या उपयोगी पडतात. केलेले बदल विमा कंपनीलाही लेखी कळवावेत.

आता गाडीकडे वळू. जुन्या गाडीवर नवे सामान चढवण्यापूर्वी तिला आधी कारखान्यातून निघाली त्या अवस्थेच्या जवळ आणणे आवश्यक आहे, आणि माझ्या अनुभवात निम्मे बजेट इथेच संपते. गाडी लिफ्टवर घेऊन चेसिसच्या दोन्ही लांब पट्ट्या, विशेषतः मागच्या अॅक्सलच्या वरचा वळणाचा भाग आणि आडव्या पट्ट्यांचे सांधे, हातोडीने हलके ठोकून पाहावेत. टणक आवाजाऐवजी बद्द आवाज आला तर आत गंज आहे असे समजावे आणि तिथे हिच बसवण्याचा विचार सोडून द्यावा. लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, प्रोपेलर शाफ्टचे जॉइंट क्रॉस, व्हील बेअरिंग यांत जी काही ढिलाई असेल ती मोठी चाके लावल्यावर दुप्पट जाणवते. दोन्ही डिफरन्शियल (वळताना अॅक्सलच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर), गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या अॅक्सलला ताकद वाटणारी पेटी) यांचे ऑइल बदलताना जुने ऑइल काचेच्या बरणीत घेऊन पाहावे: दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे, आणि चुंबकी बोल्टवर बारीक चुऱ्याऐवजी कण असतील तर गिअर झिजत आहेत.

फोर बाय फोर चालते की नाही याची परीक्षा डांबरी रस्त्यावर घेऊ नये. या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या शाफ्टमध्ये सेंटर डिफरन्शियल नसते, त्यामुळे कोरड्या, पकड असलेल्या रस्त्यावर वळताना यंत्रणेला पीळ बसतो. मोकळ्या मातीच्या जागेवर बटण फिरवून 4H (चारही चाके, नेहमीचा वेग) आणि मग गाडी थांबवून, न्यूट्रलमध्ये घेऊन 4L (चारही चाके, कमी वेग आणि जास्त जोर) लावावे. जुन्या सफारीत ही अदलाबदल विजेच्या मोटरवर होते आणि वर्षभर न वापरलेली मोटर जाम होण्याची खोड जुनीच आहे. म्हणून महिन्यातून एकदा तरी मातीवर दोन्ही गिअर लावून गाडी पन्नास मीटर चालवावी.

इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचीवर आहे आणि महेश्वरकडे नर्मदेचे पात्र त्याहून सुमारे 400 मीटर खाली, म्हणजे आपल्याला कुठेही दक्षिणेला जायचे तर घाट उतरावा आणि परतताना चढावा लागतोच. मानपूरपुढच्या गणपती घाटात ब्रेक निकामी होऊन ट्रक आदळल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. ट्रेलर ओढणाऱ्याने त्यातून घ्यायचा धडा असा, की उतारावर वेग इंजिनाने धरायचा असतो आणि ब्रेक फक्त मदतीला असतात. तरीही ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी बदलावे, कारण ते हवेतील ओलावा शोषते आणि ते पाणी घाटातल्या उष्णतेने उकळले की पेडल थेट खाली जाते. चढासाठी रेडिएटर बाहेरून आणि आतून साफ करणे, थर्मोस्टॅट आणि जुने होज बदलणे, फॅनचे व्हिस्कस कपलिंग तपासणे एवढे पुरते. इंजिनाची ताकद वाढवून देणारे रिमॅप मी मुद्दाम टाळले आहे. जादा टॉर्क सर्वांत आधी क्लच खातो, आणि ट्रेलर ओढताना क्लच आधीच कष्टात असतो.

टायरवर मात्र सढळ हाताने खर्च करावा. मूळ माप 235/70 आर 16, म्हणजे व्यास सुमारे 735 मिलिमीटर. 245/75 आर 16 घेतल्यास तो 774 होतो: जमिनीपासून अंतर जेमतेम 19 मिलिमीटर वाढते, गिअरिंग मात्र पाच टक्क्यांहून थोडे अधिक लांब होते आणि स्पीडोमीटर 80 दाखवत असताना गाडी 84 ने धावत असते. ट्रेलर ओढायचा असेल तर हा सौदा तोट्याचा आहे, म्हणून मी मूळ मापातच ऑल टेरेन (रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचे) टायर घेतले. मातीत आणि दगडांवर खरा फरक हवेच्या दाबाने पडतो. रस्त्यावर 32 ते 35 पीएसआय असलेला दाब खडकाळ वाटेवर 24 च्या आसपास आणि नर्मदेकाठच्या वाळूत 18 पर्यंत उतरवला, की टायरचा जमिनीवरचा ठसा लांबतो आणि गाडी रुतत नाही. परत हवा भरायला चांगला कॉम्प्रेसर आणि विश्वासू गेज हवेच. माळव्याच्या काळ्या मातीपुढे मात्र कोणताही टायर शहाणा ठरत नाही. ही चिकणमाती ओली झाली की फुगते, टायरच्या खाचा लिंपून त्याचा गुळगुळीत रूळ करून टाकते. पावसानंतर शेतवाटेवर जायचे असेल तर एक-दोन दिवस ऊन पडू द्यावे, हाच उपाय.

एवढे झाल्यावर उंचीचा विचार करावा. टॉर्शन बारचे बोल्ट आवळून पुढची बाजू पाहिजे तेवढी वर घेता येते, आणि ते फुकट असल्याने मेकॅनिक उत्साहाने करूनही देतो. पण त्यामुळे चाकाचा खाली जाण्याचा प्रवास कमी होतो, ड्राइव्ह शाफ्टचे कोन वाढतात आणि त्यांचे रबरी बूट फाटतात. 30 ते 40 मिलिमीटर ही मी मर्यादा मानतो आणि त्यानंतर अलाइनमेंट करणे अनिवार्य समजतो. मागे तेवढ्याच उंचीच्या, किंचित कडक स्प्रिंगा घालाव्यात. इथे बहुतेकांकडून सुटणारी एक बाब आहे. अनेक जुन्या गाड्यांत चेसिस आणि मागचा अॅक्सल यांच्यामध्ये भार ओळखणारा ब्रेक व्हॉल्व्ह असतो. गाडी भाराने दबली की तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. उंची वाढवल्यावर त्याला गाडी कायम रिकामीच वाटते आणि ऐन भरल्या गाडीत मागचे ब्रेक कमी लागतात. म्हणून त्याची दांडी नव्या उंचीनुसार जुळवून घ्यावी.

पाण्यातून जाण्यासाठी स्नॉर्केलच्या (इंजिनाला छपराच्या उंचीवरून हवा देणाऱ्या नळीच्या) आधी ब्रीदर (डिफरन्शियल वगैरेंची हवा ये-जा करण्याची छिद्रे) पाहावेत. तापलेला डिफरन्शियल नाल्याच्या थंड पाण्यात शिरला की आतली हवा आक्रसते आणि ब्रीदरमधून पाणी आत ओढले जाते. साध्या रबरी नळ्यांनी ब्रीदर बॉनेटखाली उंच नेऊन बांधणे हे काही शे रुपयांचे काम आहे. स्नॉर्केल बसवलाच, तर इंजिन आयडलवर असताना त्याचे तोंड पूर्ण झाकावे. इंजिन बंद पडले तर सांधे घट्ट आहेत. चालतच राहिले तर तो स्नॉर्केल नुसता शोभेचा.

रुतलेली गाडी काढण्यासाठी विंच लागतोच असे नाही. पुढे आणि मागे चेसिसला बोल्टने जोडलेले मजबूत हूक, दोन 4.75 टनी शॅकल (दोर अडकवायच्या पोलादी कड्या), एक काइनेटिक (ताणला जाणारा) दोर, फावडे आणि सोबत दुसरी गाडी, एवढ्यावर इंदूरजवळच्या चोरल आणि सिमरोलच्या बाजूच्या सगळ्या वाटा होतात. विंच घेतलाच तर भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट क्षमतेचा घ्यावा. 2,600 किलोंना ते 3,900 किलो, म्हणजे सुमारे 8,600 पौंड होते, तेव्हा 9,500 पौंडांचा पुरे. काइनेटिक दोर ट्रेलरच्या बॉलला कधीही अडकवू नये. बॉल तुटला तर तो तोफगोळ्यासारखा मागच्या गाडीच्या काचेतून आत येतो.

हिचच्या बाबतीत माझी स्वतःची चूक सांगतो. देवास नाक्याकडच्या एका गॅरेजमध्ये मी हिच थेट मागच्या आडव्या पट्टीला वेल्ड करून घेतला. काम दोन तासांत आणि स्वस्तात झाले. चार महिन्यांनी ट्रेलर धुताना वेल्डच्या कडेने केसासारखी बारीक चीर दिसली. आता त्या जागी चेसिसच्या दोन्ही लांब पट्ट्यांना धरणारी बोल्टची फ्रेम आहे. ओढण्याचा आणि गचक्याचा भार दोन्ही पट्ट्यांवर वाटला जावा, चेसिसमध्ये शक्यतो मूळची भोके वापरावीत आणि बोल्ट 8.8 किंवा त्याहून वरच्या ग्रेडचे असावेत, एवढे पथ्य पाळावे. गाडी 40 मिलिमीटर उंच केली असेल तर बॉल तेवढाच खाली घ्यावा, कारण नाक वर करून चालणाऱ्या ट्रेलरचा भार मागे सरकतो आणि तो वेगात डोलायला लागतो.

ट्रेलर भरताना जड सामान त्याच्या अॅक्सलवर आणि किंचित पुढे ठेवावे, म्हणजे एकूण वजनाचा सात ते दहा टक्के भार दांडीवर येईल. 600 किलोंच्या ट्रेलरला 42 ते 60 किलो. घरचा वजनकाटा दांडीखाली योग्य उंचीच्या ठोकळ्यावर ठेवून हे पाहता येते. ज्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नाहीत त्याचे भरलेले वजन मी 600 किलोंच्या वर नेत नाही. सात पिनांच्या सॉकेटमध्ये पिवळी तार डाव्या इंडिकेटरची, हिरवी उजव्या, तपकिरी आणि काळी अनुक्रमे उजव्या-डाव्या मागच्या दिव्यांची, लाल ब्रेकची आणि पांढरी अर्थिंगची असते. दिवे मंद लागले किंवा इंडिकेटरबरोबर ब्रेकचा दिवाही लुकलुकू लागला, तर दहापैकी नऊ वेळा दोष पांढऱ्या तारेत सापडतो.

पहिली फेरी रिकाम्या ट्रेलरने सकाळी लवकर सुपर कॉरिडॉरवर काढावी आणि ताशी 60 च्या वर जाऊ नये. दुसरी अर्ध्या भाराने सिमरोलपर्यंत, आणि सर्व ठीक वाटले तरच तिसरी पूर्ण भाराने भेरू घाट उतरून. घाटाच्या पायथ्याशी थांबून चारही चाकांच्या रिमजवळ आणि ट्रेलरच्या हबवर हाताची उलटी बाजू न टेकवता धरावी. एखादे चाक इतरांपेक्षा स्पष्ट तापलेले असेल तर ब्रेक चिकटतो आहे किंवा बेअरिंग आवळ बसले आहे. पहिल्या 100 किलोमीटरनंतर चाकांचे नट, हिचचे बोल्ट आणि सस्पेन्शनचे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा आवळावेत, आणि 500 किलोमीटरनंतर आणखी एकदा.