गॅरेजवाल्यांनो, नोटीस देताना या चुका टाळा

"साहेब, नोटिशीत स्पष्ट लिहिलं होतं, पंधरा दिवसांत गाडी नेली नाही तर विकू." शिवाजीनगर कोर्टात वकिली करताना हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की सुरुवात इथूनच करतो. नोटीस दिली म्हणून गाडी विकायचा हक्क मिळत नाही. भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 170 केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवू देतं, तेवढंच. नोटीस देऊन विकायची मुभा कलम 176 मध्ये आहे, पण ती तारण घेणाऱ्याला. तुमच्याकडे गाडी दुरुस्तीला आली होती.

धायरीच्या एका मेकॅनिकचे इंजिनकामाचे 42 हजार थकले. मालक फोन उचलेना. सात महिने वाट पाहून त्याने गाडी भंगारात दिली. आरसीवर फायनान्स कंपनीचं नाव होतं, ते पाहिलंच नव्हतं. मालकाने विश्वासघाताची तक्रार ठोकली आणि ज्याचे पैसे बुडाले तोच जामिनासाठी माझ्यासमोर बसला. हातात जॉबकार्ड, त्यावर ग्रीसचे ठसे, गिऱ्हाइकाच्या सहीची जागा कोरी. अजून वाईट वाटतं. रक्कम वसूल करायला दिवाणी दावा लावायचा, त्याला 3 वर्षांची मुदत असते. वेळ लागतो, पण घाईचा रस्ता पोलीस ठाण्यात जातो.

"निम्मे आत्ता, बाकीचे पगाराला" ऐकून किल्ली दिलीत, की अडवण्याचा हक्क संपला. तीच गाडी पुढे ब्रेकच्या कामाला आली, तरी जुन्या बिलापोटी धरून ठेवता येत नाही. उधारीची मुदत कबूल केली असेल तरीही नाही. कायद्यातच तीन महिन्यांच्या उधारीवर कोट शिवणाऱ्या शिंप्याचं उदाहरण दिलंय.

नोटिशीसाठी नुसत्या व्हॉट्सअॅपवर विसंबू नका. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन झालंय, तेव्हा मी स्पीड पोस्टानेच पाठवतो: आरसीवरचा पत्ता, जॉबकार्डवरचा पत्ता, गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर फायनान्स कंपनीलाही एक प्रत. पार्ट आणि मजुरी वेगळी लिहायची, गाडी कुठे उभी आहे तेही. "घेण्यास नकार" शेऱ्याचं पाकीट परत आलं तर फोडू नका, तसंच बंद फाइलला लावा.

अडवलेल्या गाडीचे पार्ट दुसऱ्या गाडीला लावू नका. कलम 151 प्रमाणे ती सांभाळणं तुमच्यावरच आहे, म्हणून ताब्यात असतानाचे तारखेसह फोटो मी मागतोच.

आणि पार्किंगचे रोजचे दोनशे? जॉबकार्डवर आधी लिहून सही घेतली नसेल, तर मी ते नोटिशीत घालत नाही.