केजन हार्मोनिका शिकायची तर आधी अकॉर्डियन ऐका

केजन संगीताची, म्हणजे अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या फ्रेंच भाषकांच्या लोकसंगीताची, चटक लागली आणि ते हार्मोनिकावर (माउथ ऑर्गनवर) वाजवावंसं वाटलं, तर माझा पहिला सल्ला ऐका: हार्मोनिकाचे धडे तूर्तास बाजूला ठेवा आणि महिनाभर नुसता अकॉर्डियन ऐका. नेटवर मिळणारे बहुतेक धडे ब्लूजचे असतात. त्यात सूर वाकवायचे, रडवायचे, मध्ये मोकळी जागा सोडायची. केजन संगीत नाचाचं आहे. वॉल्ट्झ किंवा टू-स्टेप चालू असताना जमिनीवर जोड्या फिरत असतात आणि वाजवणाऱ्याचा श्वास त्यांच्या पावलांना बांधलेला असतो.

मी नोकरीनिमित्त ह्यूस्टनला आलो आणि या नादाला लागलो. तिथून इंटरस्टेट १० धरली की तीन-साडेतीन तासांत लुइझियानातलं लाफायेट. त्याच्या आसपास युनिस, मामू, बझील अशी छोटी गावं आहेत. १७५५ पासून ब्रिटिशांनी आजच्या नोव्हा स्कोशिया भागातून हाकललेल्या फ्रेंच भाषकांचे वंशज, म्हणजेच केजन लोक, तिथे राहतात. आधी त्यांचं मुख्य वाद्य फिडल, म्हणजे व्हायोलिन, होतं. एकोणिसाव्या शतकात जर्मन बनावटीचा दहा बटणांचा अकॉर्डियन आला आणि आवाजाच्या जोरावर त्याने मैफल बळकावली. जर्मनीचीच हार्मोनिका स्वस्त, त्यामुळे ती घराघरांत होती. पण माइक नसलेल्या नाचाच्या गलक्यात तिचं काय ऐकू येणार? म्हणून ध्वनिमुद्रणं थोडी आहेत. हार्मोनिकावादक आर्टेलियस मिस्ट्रिक यांची १९२९ची, आणि लोकसंगीताचे संग्राहक हॅरी ऑस्टर यांनी १९५०च्या दशकात टिपलेलं आयसम फॉन्टेनो यांचं वादन, एवढं तरी मिळवून ऐकाच. फॉन्टेनो ऐकताना मला तरी क्षणभर अकॉर्डियनच वाजतोय असं वाटतं.

आता गंमत बघा. पांढरी एकची, म्हणजे सी पट्टीची, दहा भोकांची हार्मोनिका घ्या. चौथ्या भोकात फुंकलं की सा, ओढलं की रे. पाचव्यात ग आणि म, सहाव्यात प आणि ध. सातव्यात मात्र उलटं होतं: ओढल्यावर नी, फुंकल्यावर वरचा सा. सी पट्टीच्या केजन अकॉर्डियनच्या तिसऱ्या बटणापासून भाता दाबत-ओढत गेलात तर हेच सूर ह्याच क्रमाने येतात. म्हणजे अकॉर्डियनवाला जिथे भाता दाबतो तिथे तुम्ही फुंकायचं, तो ओढतो तिथे ओढायचं. या संगीताला जो हिसका आहे तो भात्याची दिशा सतत बदलण्यातून येतो. गुळगुळीत, मींडयुक्त वाजवायला गेलात तर सूर सगळे बरोबर लागतील आणि चाल मात्र मेलेली असेल. आपल्याकडे माउथ ऑर्गनवर जुनी हिंदी गाणी वाजवलेल्यांना ही सवय मोडायला वेळ लागतो.

दुसरी गोष्ट, जाडी. अकॉर्डियनच्या एका बटणामागे चार रीड, म्हणजे हवेने थरथरणाऱ्या पट्ट्या, असतात: दोन मधल्या सप्तकातल्या, एक खर्जातली, एक वरची. हार्मोनिकावर हा भरीवपणा जिभेने आणावा लागतो. तोंड रुंद उघडून चार भोकं ओठांत घ्या आणि मधली दोन जिभेने झाका. चौथं आणि सातवं एकदम फुंकलं की दोन्ही सा मिळाले. ओढताना हा हिशेब बदलतो. रे चौथ्यात आणि आठव्यात आहे, म पाचव्यात आणि नवव्यात, ध सहाव्यात आणि दहाव्यात, म्हणजे आता मधली तीन भोकं झाकायची. तोंडाचा आकार श्वासागणिक किंचित बदलत राहतो. हे आरशासमोर सावकाश बसवा. लय नंतर वाढवता येते. जमलं की मग जीभ तालावर उचलून मधली भोकं मोकळी करायची, तिथे अकॉर्डियनच्या डाव्या हाताची संगत आपोआप भरली जाते.

बरीच गाणी त्याच सी अकॉर्डियनवर जी पट्टीत, म्हणजे पांढरी पाचमध्ये वाजतात. आपल्या भाषेत सांगायचं तर पंचमाला षड्ज मानायचं. मग वरचा नी कोमल येतो आणि हाती येतो सरळ खमाज थाट. ब्लूजवाले याला क्रॉस हार्प म्हणतात. खालच्या सप्तकात मूळचा ध नाही, तो तिसरं भोक ओढून वाकवावा लागतो. मी शक्यतो सहाव्या भोकापासून वर वाजवतो, तिथे काही वाकवायची गरज पडत नाही.

खरेदीबद्दल थोडक्यात. भारतात सहज मिळणारी चोवीस भोकांची ट्रेमोलो इथे कामाची नाही. फुंकायचं भोक वेगळं, ओढायचं वेगळं, त्यामुळे वरचा सगळा हिशेब बिघडतो. दहा भोकांची डायाटोनिक (एकाच पट्टीची) घ्या, आधी सी, नंतर डी, कारण अकॉर्डियन बहुतेक याच दोन पट्ट्यांचे असतात. अकॉर्डियनचे गंधार थोडे उतरते लावलेले असतात, म्हणून हॉनरची मरीन बँड किंवा स्पेशल २० त्याच्याशी बरी जुळते. सगळे सूर समान अंतरांवर लावलेल्या हार्मोनिकेचे कॉर्ड (एकदम वाजवलेले सूर) त्याच्या शेजारी जरा खरखरतात.

युनिसला सॅव्हॉय म्युझिक सेंटर आहे. अकॉर्डियन बनवणाऱ्या मार्क सॅव्हॉय यांचं हे दुकान, शनिवारी सकाळच्या जॅमसाठी, म्हणजे सगळ्यांनी मिळून वाजवायच्या बैठकीसाठी, प्रसिद्ध. अशा जॅमला गेलात तर आधी मागे बसून ऐका. गाणं चालू असताना आणि अकॉर्डियन मुख्य चाल वाजवत असताना हार्मोनिका खाली ठेवलेली बरी. दोन्ही वाद्यं त्याच सुरांत तीच चाल वाजवू लागली की नुसता गोंधळ होतो, आणि कोणी तोंडावर बोललं नाही तरी नजरा कळतात. फिडलला वाव मिळाला की मागे हलके कॉर्ड द्या. कोणी मान हलवून खूण केली की एक फेरी तुमची. अकॉर्डियनवाला आलाच नसेल तर मात्र सगळं मैदान तुमचं.

आणि पट्टी ओळखायला फिडलवाल्याच्या बोटांकडे बघू नका. सी अकॉर्डियनशी जुळावं म्हणून बरेच जण फिडल पूर्ण एक स्वर खाली उतरवून लावतात. बोटं डीवर दिसतात आणि वाजतो सी. अकॉर्डियन कोणता आहे ते विचारा. तो सीचा असेल तर गाणं सीमध्ये असो की जीमध्ये, तुमची सीची हार्मोनिका चालते.